मामा म्हणतात, ‘थंडीत एसी लावतं का कुणी?’

वाचकाचा प्रश्न
(सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र. नाव-गाव गाळून, थोडक्यात.)

मी उंब्रजच्या पुढं कृष्णाकाठच्या एका गावात राहते आणि साताऱ्यात एका दवाखान्यात नर्स आहे. सकाळची ड्यूटी सातला लागते, म्हणून साडेपाचला घर सोडावं लागतं. गाडी शिकून दोन वर्षं झाली. यंदा आम्ही एक जुनी गाडी घेतली. वाटेतल्या गावातल्या दोघी माझ्याबरोबर येतात, पेट्रोलचा खर्च तिघींत वाटून घेतो. पावसाळा कसाबसा निभावला, पण थंडी पडल्यापासून रोज जीव मुठीत धरून जाते. त्या दोघी बसल्या की पाच-दहा मिनिटांत समोरची काच धूसर होते. एका हातात स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातानं ओढणीनं काच पुसणं, असं चालतं. समोरून लाईट आला की सगळं पांढरं होतं, काही दिसत नाही.

मैत्रीण म्हणते एसी लाव, काच निवळेल. पण माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. ते म्हणतात, “थंडीत एसी लावतं का कुणी? पेट्रोल जाळायचं आणि वर छाती भरून घ्यायची!” ते काचेला तंबाखू चोळायला सांगतात. मिस्टरांचं म्हणणं, गाडीचे लाईटच मंद आहेत, पांढरे एलईडी टाकू. परवा धुक्यात उसाची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसली. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही, पण दवाखान्यात पोचेपर्यंत हात कापत होते. आता वाटतं, माझीच नजर कमी पडते, किंवा मला चालवायलाच येत नाही. गाडी दारात लावून पुन्हा एसटीनं जाऊ का?

सल्ला

ताई, ट्रॉली दिसली आणि ब्रेक वेळेवर लागला. अंधारात, धुक्यात, धूसर काचेतून हे जमलेल्या बाईला चालवता येत नाही असं मी तरी म्हणणार नाही. डोळे तपासून बरेच दिवस झाले असतील तर तपासून घ्या. दवाखान्यातच असता, वेगळी रजाही पडायची नाही. पण तुमचं पत्र वाचून मला शंका येते ती डोळे आणि रस्ता यांच्या मध्ये जे काही साचलंय त्याची.

घरातल्या प्रत्येकानं एकेक गोष्ट धरून ठेवलीय. मैत्रिणीनं काच, मिस्टरांनी दिवे, मामांनी एसी. आणि राहिलेलं सगळं तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलंय. खरं तर इथं तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत: काचेवर धरणारी वाफ, दिव्यांचा उजेड आणि नदीकाठचं खरंखुरं धुकं. पहिलीवर जवळजवळ फुकटात पूर्ण इलाज आहे. दुसरीला थोडा खर्च आहे, पण मिस्टर म्हणतात तो नाही. तिसरीवर इलाज कुणाकडंच नाही, तिथं आपल्यालाच सबुरीनं घ्यावं लागतं. बहुतेक लोक सुरुवात उलटीकडून करतात, म्हणजे आधी दिव्यांवर पैसे घालतात आणि काच तशीच मळकी राहते.

उद्या काच धूसर झाली की गाडी कडेला सुरक्षित जागी घ्या आणि आतून बोटानं एक रेघ ओढा. रेघेतून पलीकडचं स्वच्छ दिसलं, तर वाफ आतल्या बाजूनं आहे. रेघ उमटलीच नाही, तर बाहेरून दव बसलंय आणि त्याला वायपरचा एक फेरा पुरेसा आहे. दोघी बसल्यावर पाच-दहा मिनिटांत काच जाते असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा वाफ आतलीच असणार हे मी पैजेवर सांगते.

फ्रीजमधलं पाणी तांब्यात ओतलं की तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच हे आहे. तुमच्या गाडीत काच हा थंड तांब्या आणि ओल आतली. तिघींचा श्वास, एखादीचे नुकतेच धुतलेले केस, गरम भाजीचा डबा, दवानं भिजलेल्या चपला, सगळं त्या एवढ्याशा बंद जागेत. बाहेरच्या गारठ्यानं काच गार पडलेली असते, तिला ही ओली हवा लागली की पाणी धरणारच. यात गाडीचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

आता ओढणीबद्दल. ओढणीनं पाणी जातं, पण केसांचं तेल, हाताचं क्रीम आणि कापडातली धूळ काचेवर पसरून राहते. आज रात्री गाडीत बसून मोबाईलची टॉर्च आतून काचेवर तिरकी धरा. तुमच्या हाताच्या लांबीएवढ्या कमानी दिसतील, एकीवर एक चढलेल्या, दुधट, कडेला तेलकट. समोरून ट्रकचा लाईट येतो तेव्हा तो या प्रत्येक कमानीवर फुटतो आणि ‘सगळं पांढरं’ होतं ते त्यामुळं. शिवाय उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमधून आणि त्यावर मारलेल्या पॉलिशमधून जे उडतं, त्याचाही एक चिकट थर काचेला आतून बसतो, कुणी हात लावला नसला तरी. मळक्या काचेवर वाफ लवकर धरते आणि जास्त वेळ टिकते.

तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी सावलीत गाडी लावून काच आतून नीट धुवा. दोन मायक्रोफायबरची फडकी घ्या, एक किंचित ओलं आणि एक पूर्ण कोरडं. काचेचं लिक्विड फडक्यावर मारा, काचेवर मारलं तर ते डॅशबोर्डवर गळतं. आतून पुसताना हात वर-खाली चालवा आणि बाहेरून आडवा. मग एखादा पट्टा राहिलाच तर तो उभा की आडवा यावरून कुठल्या बाजूला आहे ते कळतं. डॅशबोर्डलगतचा काचेचा खालचा कोपरा हात पोचत नाही म्हणून सगळेच सोडून देतात आणि वाफ तिथूनच चढायला लागते. पट्टीला फडकं गुंडाळून तो कोपरा गाठा. एवढं झालं की पॉलिशला काही महिने सुट्टी द्या आणि एक स्वच्छ कोरडं फडकं दाराच्या कप्प्यात ठेवा. ते बॉनेट पुसायला कुणी घेणार नाही एवढी जरब घरात असू द्या.

आता एसी, म्हणजे घरातलं खरं भांडण. आपण एसी घेतला तो उन्हाळ्यासाठी, म्हणून एसी म्हणजे गारवा हे डोक्यात बसलंय. पण हवा गार करताना एसी आणखी एक काम करतो. हवा थंड कॉईलवरून जाते तेव्हा तिच्यातली ओल कॉईलवरच पाणी होऊन राहते. गाडीखाली जे पाणी ठिबकताना दिसतं ते हेच. म्हणजे बाहेर येते ती कोरडी हवा. तापमानाचं बटण लाल बाजूला फिरवलं की हीच कोरडी हवा हिटरवरून गरम होऊन येते. एसी चालू आणि हवा उबदार, हे दोन्ही एकाच वेळी होतं. आपल्याला काचेवर हवी ती अशीच हवा. छाती भरण्याचा प्रश्न येतो कुठं?

गाडी सुरू केली की ब्लोअरचा रोख समोरच्या काचेकडं करा. काचेचं चित्र आणि त्यावर वर जाणारे नागमोडी बाण असलेली खूण शोधा. एसी लावा, तापमान लाल बाजूला अर्ध्याच्या पुढं न्या, पंखा मोठा ठेवा. इंजिन तापेपर्यंत हवा फारशी गरम येणार नाही, पण कोरडी लगेच येते आणि काच निवळायला लागते. मग पंखा बारीक करा. आणि गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेलं एक बटण असतं, ते बंदच हवं. ते चालू असलं की आतलीच हवा आत फिरते, तुमचा तिघींचा श्वास पुन्हापुन्हा काचेवर जातो. उन्हाळ्यात आणि ट्रकच्या धुरामागं आपण ते दाबतो आणि मग महिनोन्महिने विसरतो. तुमच्या गाडीत ते आत्ताही दाबलेलं असलं तर मला नवल वाटणार नाही.

काच साफ झाली म्हणून एसी लगेच बंद करू नका. कॉईल ओली असते, एसी थांबला की ती ओल हवेबरोबर परत काचेवर येते आणि काच पहिल्यापेक्षा वाईट होते. ‘एसीनं उलट जास्त वाफ धरते’ असं जे लोक सांगतात, त्यांनी बहुधा असाच चालू-बंदचा खेळ केलेला असतो. साताऱ्यापर्यंत बारीक पंख्यावर राहू द्या. पेट्रोल लागतं, नाही कशाला म्हणू? पण मे महिन्यात गाडी गार करायला जेवढं लागतं त्यापेक्षा कमी, कारण थंडीत एसीला मेहनत कमी असते. एलईडीच्या पैशांत असे किती हिवाळे निघतील, हा हिशेब मिस्टरांनाच मांडायला सांगा.

जुन्या गाडीत एसीचा गॅस गेलेला असेल तर तोवर ब्लोअर गरम करून काचेकडं ठेवा आणि दोन्ही बाजूंची एकेक खिडकी बोटभर उघडी ठेवा. थंडी वाजेल, पण दिसेल. मागच्या काचेत तांबूस बारीक आडव्या तारा असतील तर ते डिफॉगर आहे, त्याचं बटण शोधून वापरा, आणि ती काच पुसताना तारांच्या दिशेनंच हात चालवा. जुन्या मालकानं काळी फिल्म चिकटवली असेल तर ती काढून टाकायला हवी. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच त्या फिल्मवर बंदी घातली होती. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा असा नियम आहे. दंडाचं सोडा, पहाटे आरशात मागचं वाहन दिसत नाही हे जास्त वाईट. मागच्या काचेची फिल्म मात्र घरी ब्लेडनं खरवडू नका, तारा तुटतात.

वाफ फारच धरत असेल तर पायाखाली बघा. पायपुसणी उचलून खालचं कार्पेट दाबा, विशेषतः डाव्या बाजूचं. ते ओलं लागलं तर एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असू शकते, मेस्त्री ती फुंकर मारून मोकळी करतो. हवेचा फिल्टरही बघायला सांगा. तो बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागं असतो आणि आपल्याकडच्या धुळीत वर्षाला एकदा तरी बदलावा लागतो. काचेला गोड वास येणारा चिकट ओलावा असेल तर हिटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, गळतंय, ते काम पुढं ढकलू नका.

तंबाखूबद्दल मामांना एकदम उडवून लावू नका. काचेला तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळला की वर एक पातळ थर बसतो आणि पावसाचं पाणी थेंबाथेंबानं न थांबता पसरून वाहून जातं. वायपर बेभरवशाचे होते त्या काळात त्याचा उपयोग व्हायचा, पण बाहेरून आणि पावसात. आतून चोळलं तर ओढणीच्या कमानींत आणखी एकाची भर. शेव्हिंग क्रीम, शाम्पू यांचे व्हिडिओ फिरतात त्यांचंही तत्त्व तेच. दोन-चार दिवस चालतं, मग समोरच्या दिव्यांभोवती तेजाची वलयं दिसायला लागतात. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

मामांनी ज्या गाड्या चालवल्या त्या आठवून बघा. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटखाली, त्याची ऊब थेट केबिनमध्ये. खिडक्या कधी पूर्ण लागायच्या नाहीत, वारा आरपार. म्हणजे ऊब आणि मोकळी हवा, काच कोरडी ठेवायला लागतं ते दोन्ही त्यांना न मागता मिळत होतं. तुमची गाडी घट्ट बंद होते, म्हणून तेच काम बटणानं करावं लागतं. हे त्यांना तोंडानं समजावत बसलात तर ‘मला शिकवतेस का’ होईल. त्यापेक्षा एका पहाटे त्यांना आणि मिस्टरांना गाडीत बसवा, खिडक्या बंद करून पाच मिनिटं गप्पा मारा, काच जाऊ द्या. मग मी सांगितलं तसं उबदार एसी लावा आणि काही बोलू नका. इतकी वर्षं समोरची काच बघत पोट भरलेल्या माणसाला निवळणारी काच वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्यांच्याकडं एक कामही सोपवा. ब्रेक लाईट लागतो की नाही हे एकट्या माणसाला बघता येत नाही, मागं कुणीतरी उभं लागतं. सकाळी निघताना मामा मागं, तुमचा पाय ब्रेकवर. मग टेललाईट, दोन्ही इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा. मिनिटभराचं काम आहे आणि त्यांच्याइतकं कडक दुसरं कुणी बघणार नाही.

आता मिस्टरांचे एलईडी. दिवे मंद आहेत हे त्यांचं निदान बरोबर असू शकतं, औषध चुकतंय. जुन्या गाडीचा दिवा मंद होतो त्याची कारणं साधारण ठरलेली असतात. दिव्याचं पुढचं आवरण प्लास्टिकचं असतं, ते वर्षानुवर्षं उन्हात पिवळं पडतं, खरखरीत होतं. बल्ब जुना होतो. वायरिंगची अर्थिंगची जोडणी गंजते आणि बल्बला पुरता करंट पोचत नाही. आणि आपल्याकडं थंडी म्हणजे गळीत हंगाम. कारखान्याची काजळी, ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ आणि त्यावर रात्रभरचं दव, या तिन्हींचा मिळून दिव्यावर राखाडी लेप बसतो. तो कोरड्या फडक्यानं घासला तर चरे पडतात. आधी पाणी मारा, मग हातानं सैल करा, मग पुसा.

पिवळेपणा टूथपेस्टनं जातो, पण काही आठवडेच. नीट करायचं तर ओल्या पॉलिशपेपरनं क्रमानं घासून वर ऊन सोसणारा कोट मारावा लागतो. साताऱ्यात-कराडात हे करून देणारे आहेत, नव्या दिव्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात. त्यानंतर बल्बची जोडी बदला, एकच बदलू नका. तुमच्या गाडीत एच-४ प्रकारचा बल्ब असेल तर ६०/५५ वॅटचाच घ्या. दुकानदार १००/९० चा पुढं करेल. त्यानं होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो आणि वायर तापते.

एलईडीचं मला न पटण्याचं कारण वेगळं आहे. हॅलोजनच्या दिव्यातला आरसा हा बल्बच्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. तिथं दुसऱ्याच आकाराचा एलईडी बसवला की प्रकाश नेमका रस्त्यावर न पडता चहूकडं फाकतो. दाराशी भिंतीवर बघितलं तर लख्ख वाटतो. पण धुक्यात हा वर फाकलेला पांढरा उजेड थेंबांवरून परत तुमच्याच डोळ्यांवर येतो. शिवाय समोरचा ड्रायव्हर दिपतो, आणि दिपलेला माणूस ट्रक घेऊन तुमच्याच दिशेला सरकू शकतो. वाहनात असा फेरफार कायद्यालाही मान्य नाही. कारखान्यातूनच एलईडी घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी, त्यांचा दिवा मुळात तसाच घडवलेला असतो. त्यांच्या मालकांनी एवढं लक्षात ठेवावं की एलईडी पुढच्या आवरणाला हॅलोजनइतका तापवत नाही, त्यामुळं त्यावरचं दव आपोआप सुकत नाही, हातानंच पुसावं लागतं.

उजेड वाढवण्याआधी तो कुठं पडतो ते बघा. स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ किंवा तसे आकडे असलेली छोटी चकती असते. आकडा वाढवला की दिवा खाली झुकतो. मागं माणसं बसली की गाडीचं नाक उचलतं आणि तुमचा डिपर समोरच्याला अप्पर होतो, तेव्हा ही चकती एखाद्या आकड्यानं फिरवा. दोन्ही दिवे एका रेषेत आहेत ना, हे वायरमनकडून भिंतीसमोर तपासून घ्या. जुन्या गाडीला कधी धडक बसली असेल तर एक दिवा झाडाकडं आणि एक गटाराकडं असतो. आणि मिस्टरांना खर्च करायचाच असेल तर बंपरमध्ये फॉग लॅम्पची जागा असल्यास चांगले फॉग लॅम्प रिलेसकट (जादा करंट सोसणारा वेगळा स्विच) बसवू द्या. ते खाली असतात आणि उजेड पसरट, जमिनीलगत टाकतात, त्यांचा उपयोग त्या जागेमुळं आणि आकारामुळं होतो. पिवळा रंग धुकं भेदून जातो असं सगळे सांगतात, पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की त्यांच्यावरून सगळेच रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा डोळ्यांना बरा वाटत असेल तर जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर वेग वाढवू नका.

आणि आपण दिसणं हे आपल्याला दिसण्याइतकंच मोठं आहे. नव्या गाड्यांना पुढं दिवसाही लागणारे छोटे दिवे असतात. ते लागलेले बघून माणूस समजतो, लाईट चालू आहेत. पुष्कळ गाड्यांत तेव्हा मागचा टेललाईट बंदच असतो. ‘ऑटो’वर ठेवलेले दिवे सकाळच्या पांढुरक्या धुक्यात लागतीलच असं नाही, कारण ते अंधार ओळखतात, धुकं ओळखत नाहीत. धुकं दिसलं की हातानं डिपर लावा. चारही इंडिकेटर चमकवत जायची आपल्याकडं पद्धत पडलीय, ती सोडा. तुम्ही वळणार की सरळ जाणार हे मागच्याला कळेनासं होतं, आणि गाडी उभी आहे की चालू, तेही.

आता खऱ्या धुक्याकडं येऊ. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन रात्रभर गार होत गेलेली, त्यात नदी आणि पाणी पाजलेला ऊस. थंड जड हवा उतारावरून खोलगट भागात येऊन साचते. म्हणून तुम्हाला धुकं सलग लागत नाही. तारळी, उरमोडी या नद्यांच्या पुलांजवळ, ओढ्याच्या सखल भागात एकदम येतं आणि चढावर विरतं. स्वच्छ पट्ट्यात वाढलेला वेग घेऊन पुढच्या पट्ट्यात घुसणं, यातच सगळा घात आहे. ताशी ४० वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तरी १६-१७ मीटर अंतर ब्रेक लागायच्या आधीच संपलेलं असतं. ६० वर तेच २५ मीटर. जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा, मागचा कितीही हॉर्न मारू दे.

अप्पर लावू नका. नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. पुढच्या ट्रकचा टेललाईट धरून त्याच्या मागं चिकटून जाणं सोपं वाटतं, पण त्यानं ब्रेक मारला की तुम्हाला जागाच उरत नाही. रुंदीकरणाच्या कामात जिथं रस्ता वळवलेला असेल तिथं तर कुणाच्याच मागं आंधळेपणानं जाऊ नये. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर या दिवसांत पहाटेच निघतात, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागचं रेडियम चिखलानं माखलेलं, आणि सर्व्हिस रोडवर तर कधी समोरूनही येतात. रेडिओ बंद ठेवला तर ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. थांबावंसं वाटलं तर कडेला थांबू नका, पेट्रोल पंपात किंवा ढाब्याच्या आवारात पूर्ण आत घ्या.

‘तासभर उशिरा निघाले तर धुकं कमी लागेल’ असं कुणी सुचवेल. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि उगवल्यावर लगेच धुकं बऱ्याचदा आणखी दाट होतं. ऊन पुरतं तापल्याशिवाय ते उठत नाही. त्यामुळं तासाचा फरक तुमच्या कामाचा नाही. डिसेंबर-जानेवारीपुरती सकाळची ड्यूटी बदलून घेणं मात्र कामाचं आहे. इनचार्ज सिस्टरांना ट्रॉलीचा प्रसंग जसाच्या तसा सांगा आणि उन्हाळ्यात त्याच्या बदल्यात जास्त सकाळ करायची तयारी दाखवा. मागायचा संकोच बहुतेक आपल्याच मनात असतो.

इतर वाचकांसाठी थोडं. महाबळेश्वरात वेण्णा लेक, लिंगमळा भागात मुक्कामाला गाडी उघड्यावर राहिली तर कडाक्याच्या थंडीत दव गोठून काचेवर बर्फाचा पातळ थर येतो. त्यावर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. जुनं प्लास्टिक कार्ड घेऊन हलकेच खरवडा आणि थर निघेपर्यंत वायपर चालवू नका, रबर फाटतं. रात्री काचेवर पुठ्ठा किंवा जाड चादर टाकली तर हा प्रश्नच येत नाही. पत्र्याखाली लावलेल्या गाडीवर दवही फारसं बसत नाही, हे गावातल्या सगळ्यांनाच लागू. तासगाव-मिरज भागात द्राक्षबागांच्या कडेला गाडी लावणाऱ्यांनी फवारणीचे ठिपके आधी पाण्यानं भिजवावेत आणि मगच वायपर लावावा. वायपरचं रबर आपल्या उन्हाळ्यात कडक होऊन चिरतं, त्यामुळं पावसाळ्याआधी बदललं तरी थंडीत एकदा बोट फिरवून बघायचं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. गाडी सोडू नका, पण एसटीही सोडू नका. काच, दिवे नीट झाले तरी हंगामात काही सकाळी अशा येणार की अंगणातून समोरचं घर दिसणार नाही. त्या दिवशी एसटी. तिच्या ड्रायव्हरलाही धुकं लागतं, पण तो उंचावर बसतो, त्याला रोजचा रस्ता पाठ असतो आणि निर्णयाचं ओझं तुमच्यावर राहत नाही. हे सोबतच्या दोघींशी आत्ताच ठरवून ठेवा, पहाटे साडेपाचला फोनवर नको. आज गाडी काढायची की नाही हे चालवणारी ठरवणार, बाकीच्या दोघींनी ‘अगं चल की, काही होत नाही’ म्हणायचं नाही. डाव्या सीटवर बसणारीनं काचेला तळहात लावायचा नाही आणि डावी कड बघत राहायची. आणि एसटीच्या दिवशी उशीर झाला म्हणून वॉर्डात बोलणी बसली, तर ती तिघींनी मिळून ऐकायची.